अठ्ठावीस नंबरचं बटण

संपादक फोनवर म्हणाले, "तुमच्या छंदाविषयी लिहा." मी म्हटलं, छंद गिऱ्हाइकांचा, माझा धंदा. लहानपणी माझ्याकडे खेळातली आगगाडी नव्हती. लालबागच्या आमच्या खोलीत रूळ मांडण्याएवढी जमीन मोकळी असती तर आईने तिथे गावाहून आलेल्या कुणाला तरी झोपवलं असतं. तेव्हा छंदाचा लेख हवा असेल तर दुसरा माणूस बघा. संपादक शांत गृहस्थ. म्हणाले, "बरं, धंद्याविषयी लिहा." मग मानधनावर थोडी घासाघीस झाली आणि मी लिहायला बसलो.

माझा धंदा असा. हौशी लोकांकडे जुनी विलायती बनावटीची छोटी इंजिनं असतात. हातात धरलं तर दोन्ही तळवे भरतील एवढी. वडिलांची, आजोबांची, कुठे लिलावात घेतलेली. ती जुन्या पद्धतीने चालतात. रुळांत वीज जास्त सोडली की जोरात, कमी सोडली की हळू. एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळतात आणि एकमेकांवर आपटतात. नव्या पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि तिच्यासोबत हुकूम जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते, तिला आपला नंबर माहीत असतो. चाळीच्या चौकात उभं राहून कुणी बाळ्या म्हणून हाक मारली तर सगळ्या मजल्यांना ऐकू जाते, पण कठड्यावरून वाकून बघतो तो बाळ्याच. तसंच. त्याच चिपमध्ये आवाज भरता येतो. शिट्टी, वाफ, ब्रेक. हातातल्या रिमोटवर बटणांचे नंबर असतात, एकेका नंबराला एकेक आवाज. जुन्या मुक्या इंजिनात ही चिप आणि एक लहानसा स्पीकर बसवायचा, हे माझं काम.

सांगायला सोपं आहे. जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक सरळ धातूच्या सांगाड्याला टेकवलेलं असतं. ते आधी सोडवून वेगळं करावं लागतं. विसरलात तर चिप पहिल्याच झटक्याला जळते, आणि तो वास ज्याने एकदा घेतला तो जन्मभर विसरत नाही. शिवाय इंजिन रुळाला धरून राहावं म्हणून पोटात शिशाचं वजन घातलेलं असतं. स्पीकरला जागा करायची तर ते कापायचं. कापलेलं शिसं परत जोडता येत नाही. म्हणून मी कापण्याआधी गिऱ्हाइकाला तीनदा विचारतो, आणि तिन्ही वेळा त्याच्या बायकोसमोर.

हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. आमच्या भागात गणपतीला हलते देखावे असायचे. राक्षसाचा हात वर जातो, देवी मान वळवते. त्या हातामानेमागे मोटारीच्या वायपरची मोटर असायची आणि त्या मोटरमागे मी. मंडपातल्या फलकावर मूर्तिकाराचं नाव, पडदे रंगवणाऱ्याचं नाव, लाइटवाल्याचंसुद्धा. मोटरवाल्याचं कधी नाही. एका वर्षी मी कार्यकर्त्यांना विचारलं तर म्हणाले, "परबशेठ, तुमची मोटर दिसते कुठे?" मी म्हटलं, उद्या बंद पडली की दिसेल. दुसऱ्या दिवशी ती बंद पडली नाही. मी तसा माणूस नाही. पण त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही.

गिऱ्हाइकं एकेक असतात. दादरच्या हिंदू कॉलनीत एक डॉक्टर होते. त्यांना इंजिनाचे सगळे आवाज हवे होते, फक्त शिट्टी नको. का, तर बाईसाहेब दुपारी झोपतात. मी सांगितलं, शिट्टी काढली तरी पैसे तेवढेच. ते म्हणाले, "परब, मी पेशंटचा दात काढला तर दाताचे पैसे कमी करतो का?" मी म्हटलं, तेच म्हणतोय मी. परळचे एक रिटायर्ड गृहस्थ वाफेचं इंजिन घेऊन आले आणि म्हणाले, यात डिझेलचा आवाज भरा. मी समजावलं, अहो, हे कोळशाचं आहे. त्यांनी ऐकलं नाही. "आमच्या खिडकीतून डिझेलच ऐकू यायचं. मला तेच पाहिजे." भरून दिलं. शास्त्राप्रमाणे चूक. पण ते खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत राहिले. बिल मात्र वाढवून लावलं, कारण डिझेलचा आवाज वेगळा विकत घ्यावा लागला होता.

आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसलो ते सांगतो.

खोताच्या वाडीत बेंजीअंकल राहायचे. मूळचे इथलेच, ईस्ट इंडियन ख्रिश्चन. सगळी नोकरी इंजिनावर. आधी कोळसा ओढला, मग ड्रायव्हर झाले, मालगाड्या नेल्या. त्यांच्या घरी काचेच्या कपाटात एक काळं इंजिन होतं, मागे कोळशाचा डबा असलेलं. कुणी साहेब मायदेशी परतताना सामान विकून गेला, तेव्हा अंकलच्या वडिलांनी ते घेतलेलं. मोटरचे ब्रश झिजले म्हणून ते माझ्याकडे आले आणि मग दर रविवारी मीच त्यांच्याकडे जाऊ लागलो.

मी सांगितलं, अंकल, याच्यात आवाज बसवू. तुमच्याकडून फक्त सामानाचे पैसे घेतो. मी असं कुणाला म्हणत नाही. ते म्हणाले, "नको मॅन. मुकं आहे तेच बरं. आवाज मी करतो."

आणि करायचे. जेवणाच्या टेबलावर गोल रूळ मांडून इंजिन सोडायचे, आणि तोंडाने वाफ काढायचे. मी पहिल्यांदा हसलो. त्यांनी इंजिन थांबवलं.

"हसतोस काय? मोज. चाकाच्या एका फेरीला किती?"

मी मोजलं. चार.

"बरोबर. चार. तुझ्या त्या चिपवाल्यांना विचार, किती टाकतात."

त्यांचं खरं होतं. वाफेच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेरीला चार हुंकार पडतात, आणि तयार चिपमध्ये ते चाकाशी जुळवलेले नसतात. बहुतेक मेकॅनिक जुळवतच नाहीत. मी जुळवतो, ते अंकलमुळे. एका रविवारी मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, सगळं करून दाखवा. चढावर कसं, उतारावर कसं, कोळसा ओला असला की कसं. त्यांनी सगळं केलं. शेवटी शिट्टी. पुढचा एक दात नव्हता, त्यामुळे त्यांची शिट्टी सुरू होताना थोडी फाटायची आणि मग स्वच्छ लांब जायची. संपल्यावर म्हणाले, "बस? झालं? आता चहा सांग." तेही रेकॉर्ड झालं.

इंजिन कपाटात ठेवताना ते नेहमी म्हणायचे, "मी गेलो की हे तू घेऊन जा परब. लोर्नाला याची धूळ पुसायचासुद्धा कंटाळा आहे." लोर्ना त्यांची मुलगी. ती हे स्वयंपाकघरातून ऐकायची.

त्याच सुमारास लोअर परळच्या एका टॉवरमधल्या शेठचं काम माझ्याकडे आलं. माझे वडील ज्या गिरणीत साचे खात्यात मागावर होते, तिच्याच जमिनीवर तो टॉवर आहे. वडील पुढच्या दरवाजाने आत जायचे. मला वॉचमन मागच्या, सामानाच्या लिफ्टने वर पाठवायचा, कारण हातात हत्यारांची पेटी. शेठने एक अख्खी खोली गाड्यांना दिली होती. डोंगर, बोगदे, स्टेशन, सगळं. त्यांची सगळी जुनी इंजिनं मी बदलून दिली. शेठ भाव करण्यात माझ्या तोडीचे होते, त्यामुळे मला त्यांच्याकडे जायला आवडायचं. एकदा चहा पिता पिता मी बोलून गेलो, शेठ, तुमच्याकडे सगळं आहे, पण खोताच्या वाडीत एक इंजिन आहे, तसं नाही.

माझ्या धंद्यात वस्तूचं कौतुक करायचं नसतं. जे हवं त्याचं तर कधीच नाही. त्या दिवशी कसा विसरलो कुणास ठाऊक.

अंकल गेले. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर होतो. काही दिवसांनी लोर्नाकडे गेलो. कपाटात इंजिनाची जागा रिकामी होती.

"ते टॉवरवाले आले होते," ती म्हणाली. "त्यांनी बरे पैसे दिले. छप्पर गळतंय परब, तुम्ही बघताय ना."

"अंकल मला देणार होते. तुझ्यासमोर म्हणालेत."

"डॅडी सगळ्यांना सगळं द्यायचे. तोंडाने. समोरच्या रॉकीला पियानो दिलाय, दूधवाल्याला टेबल. मी काय काय वाटू?"

मी आवाज चढवला. शेजारची माणसं ओट्यावर आली. तिने शांतपणे दार लावलं. त्यानंतर मी त्या गल्लीत पाय ठेवला नाही. छप्पर गळत होतं हे मला मान्य आहे. पण मला एक शब्द विचारायला काय हरकत होती? मी शेठपेक्षा जास्त दिले असते की नाही, हा पुढचा प्रश्न.

महिन्याभरात शेठचा फोन. "परब, नवीन इंजिन आलंय. एकदम फर्स्टक्लास. चिप बसवायची." पेटी उघडली तर अंकलचं इंजिन. शेठ माझ्याकडे बघत होते. मी चेहरा हलू दिला नाही. रेट सांगितला, नेहमीपेक्षा बराच जास्त. त्यांनी कमी करायला सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं.

मुकं राहू दे, असं ज्याने सांगितलं तो माणूस आता नव्हता, आणि मालक दुसराच होता. मी केलं. आयुष्यात त्याच्याइतकं नीट काम केलं नाही. शिसं कापलं, पण इंजिनातलं नाही, मागच्या कोळशाच्या डब्यातलं, आणि तेही कमीत कमी. स्पीकर कोळशाखाली. चिपसाठी आठ भोकांचं सॉकेट लावलं, म्हणजे उद्या चिप बिघडली तर सोल्डरचा डाग द्यायला नको, बोटांनी ओढली की निघते. प्रत्येक पेटीत मी एक जादा प्लग टेपने चिकटवून देतो. चिप काढून तो लावला की इंजिन पुन्हा जुन्या पद्धतीने चालतं. शंभरातला एक मेकॅनिकही देत नाही. मी देतो.

चार हुंकार चाकाशी असे जुळवले की अंकलने मोजून बघावेत. आणि मग अठ्ठावीस नंबरच्या बटणावर मी त्यांचं ते रेकॉर्डिंग भरलं. ओला कोळसा, चढ, फाटकी शिट्टी, चहा सांग, सगळं. शेठ पहिली पाच-सहा बटणं दाबायचे. शिट्टी, भोंगा, दिवे. अठ्ठाविसाव्या बटणापर्यंत कुणी जात नाही. शेठच्या घरात अंकल बसलेत आणि शेठला पत्ता नाही, याचं मला बरं वाटायचं. सर्व्हिसिंगला गेलो की शेठ फोनवर बोलायला बाहेर जायचे, तेव्हा मी ते बटण दाबायचो.

पुढे माझा तो फोन गेला. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर होतं, तो आमची चाळ पाडायला घेतली तेव्हाच्या हलवाहलवीत पडला आणि पुन्हा सुरू झाला नाही. चिपमध्ये आवाज भरता येतो, बाहेर काढता येत नाही. म्हणजे अंकलचा आवाज आता त्या एकाच जागी होता. बटण दाबून नव्या फोनवर टिपून घेता आलं असतं, पण मला घाई वाटली नाही. शेठ इंजिनं विकणाऱ्यांतले नव्हते.

यंदा शेठ गेले. त्यांचा मुलगा मिहिर बरीच वर्षं बाहेर होता, तो परत आला आणि त्याला ती खोली हवी होती. आताची नवी इंजिनं चिप आणि आवाज घेऊनच पेटीतून येतात, माझा धंदा तसाही बसत आलाय. मिहिरने फोन केला, "अंकल, पप्पांचं सगळं काढून टाकतोय. तुम्हाला काही पाहिजे तर या."

मी गेलो. सामानाच्या लिफ्टनेच. डोंगर उचकटलेले होते. टेबलावर इंजिनं रांगेत मांडलेली. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. जे हवं त्याच्याकडे शेवटी बघायचं. आधी एक निळं इंजिन उचललं, त्याची चाकं फिरवली, दुसऱ्याचा रंग बघितला. मग सहज विचारावं तसं अंकलचं उचललं.

"हे किती?"

मिहिरने आकडा सांगितला. तो आकडा मी देऊ शकत होतो. खिशात होते.

पण आकडा ऐकला आणि तोंड आपोआप चालू झालं. मी म्हटलं, "याचे एवढे कोण देणार? कापाकापी झालीय यात. हे बघ, डब्यातलं वजन कापलंय. चिप जुनी झाली, आता असली कुणी विचारत नाही. खरे शौकीन असला माल हातात धरत नाहीत. ओरिजिनल राहिलं नाही ना."

"पण हे काम तर तुम्हीच केलं ना?"

"काही माझं, काही दुसऱ्याचं. हे माझं नाही."

तो म्हणाला, "अच्छा." आणि फोनवर काहीतरी टाइप करून ठेवलं. हुशार मुलगा, बापावर गेलेला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं असं आता कुणीही म्हणेल. सांगितलं असतं की मला हेच पाहिजे, याच्यात एका माणसाचा आवाज आहे, तर त्याने काय केलं असतं? त्याच्या बापासमोर मी एकदा खरं बोललो होतो, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

"विचार करून सांगतो," म्हणून मी उठलो. पहिल्या दिवशी माल उचलायचा नसतो. विकणाऱ्याला आठवडाभर त्या मालाकडे बघत बसू द्यायचं, मग तो स्वतःच खाली येतो. याच नियमावर मी घर चालवलं, मुलीचं लग्न केलं.

आठवड्याने मिहिरचाच फोन आला. मी मनात म्हटलं, आला खाली.

इंजिन टेबलावर एकटंच होतं, स्वच्छ पुसलेलं. त्याने हसून सांगितलं, "अंकल, तुमचं ऐकलं. जिथे जिथे सॉकेट होतं तिथल्या चिप काढल्या आणि पेटीतला तो छोटा प्लग लावला. खूप सोपं होतं, पाच मिनिटांचं काम. आता हे ओरिजिनलसारखं चालतं. म्हणून भाव थोडा वाढवलाय, चालेल ना?"

मी विचारलं, "चिप कुठेत?"

"त्या तर टाकल्या. सोसायटीची ई-वेस्टची गाडी येते ना."

"कधी आली होती?"

"परवा. का? तुम्हीच म्हणालात, असली कुणी विचारत नाही."

खाली जाऊन वॉचमनला विचारलं. गाडी कुठली, माल कुठे नेतात. त्याने गाडीवाल्याचा नंबर दिला. त्या माणसाने सांगितलं, काका, पोत्याने जातं सगळं, तुमची चिप नखाएवढी, काय शोधणार? त्याच्याशी मी फोनवर भांडलो. कशासाठी भांडलो ते त्याला कळलं नाही. मग सामानाच्या लिफ्टने परत वर गेलो.

इंजिन घेतलं. वाढवलेल्या भावातून थोडे कमी करून घेतले. हे लिहिताना मला स्वतःलाच कसंतरी होतं, पण कमी करून घेतले. मिहिर म्हणाला, "अंकल, तुमच्याशी कोण जिंकणार?"

आता ते घरी टीव्हीशेजारी आहे. आम्ही तात्पुरते नायगावला भाड्याच्या जागेत राहतो, इथे गोल रूळ मांडण्यापुरती जमीन आहे. जुन्या पद्धतीने वीज सोडली की फिरतं. मोटर उत्तम आहे, ब्रश मीच बदललेले. एकदा घरात कुणी नसताना तोंडाने करून पाहिलं. चार हुंकार जमतात. शिट्टी जमत नाही, माझे दात सगळे शाबूत आहेत.

बायको म्हणते, नवी चिप घाला, दुकानात पडल्यात ना. पडल्यात. चांगल्या आवाजाच्या आहेत, घालायला पाच मिनिटं लागतील. मध्यंतरी दादरचे डॉक्टर आले होते, बाईसाहेब गेल्या, तेव्हा आता शिट्टी बसवून द्या म्हणून. त्यांनी हे इंजिन बघितलं, वाकून कोळशाच्या डब्याखाली स्पीकरची भोकं बघितली आणि विचारलं, "स्पीकर आहे, सॉकेट आहे, मग आवाज का नाही भरला?"

मी म्हटलं, गिऱ्हाइकाला नको होता.